२८ दिवसांचा हिशेब सगळ्यांना लागू नाही

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत मागे एका वाचक भगिनीचा प्रश्न आला होता. गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यापासून पाळी अनियमित झाली आहे, बाळ हवं आहे, काय करावं? उत्तर चार ओळींचं होतं. गोळ्यांमुळे शरीराची लय बिघडते. काळजी करू नये. पाळीच्या दहाव्या ते अठराव्या दिवसांत संबंध ठेवावेत. वर्षभरात दिवस न गेल्यास डॉक्टरांना भेटावं.

मी हिशेब तपासण्याचं काम करते. दुसऱ्यांच्या बेरजा जुळतात का हे बघण्यात माझा दिवस जातो. हे उत्तर वाचून वाटलं, बेरीज बरोबर आहे, पण ती दुसऱ्याच कुणाच्या खात्यातली आहे. जिची पाळी दर २८ दिवसांनी येते तिला ते उत्तर चालेल. पण प्रश्न तिने विचारलेला नव्हता. मीही सध्या प्रश्न विचारणाऱ्या बाईच्याच वाटेवर आहे, म्हणून हे पत्र.

आधी गोळ्यांबद्दल. मी त्या मूल नको म्हणून सुरू केल्याच नव्हत्या. कॉलेजात असताना पाळी दोन-दोन महिने यायची नाही, आली की थांबायची नाही, हनुवटीवर राठ केस यायचे. डॉक्टरांनी पाकीट लिहून दिलं आणि लगेचच पाळी तारखेला येऊ लागली. आईला हायसं वाटलं, मलाही. लग्नानंतर त्याच गोळ्या दुसऱ्या कारणासाठी चालू राहिल्या. मुळात पाळी लांबत का होती, हे मधल्या काळात कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

नेहमीच्या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन संप्रेरकं (हार्मोन्स) असतात. ती रोज पोटात गेली की मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून बीजकोशांना मिळणारे एफएसएच आणि एलएच हे इशारे दबतात. अंडं पिकत नाही, फुटत नाही. २१ गोळ्या संपल्यावर सात दिवसांचा खंड येतो, संप्रेरकं एकदम उतरतात आणि गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं. दिसायला ती पाळीच, पण तिच्या आधी अंडं फुटलेलं नसतं. १९६० मध्ये अमेरिकेत पहिल्या गोळीला परवानगी मिळाली, तेव्हापासून हा खंड चालत आला आहे. बायकांना आपला महिना नेहमीसारखा वाटावा, हा त्यामागचा एक हेतू होता. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनात तर या सात दिवसांचा आरोग्याला काही फायदा नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. थोडक्यात, गोळ्या चालू असताना जी तारीख पाळली जाते ती पाकिटाची. बीजकोश कसे आहेत हे त्यावरून कळत नाही.

गोळ्या थांबवल्या आणि माझं कॉलेजातलं सगळं परत आलं, हनुवटीसकट.

ज्यांची पाळी आधीपासून ठीक होती, त्यांच्यातल्या बहुतेकींची गोळ्या सोडल्यावर तीनेक महिन्यांत मार्गी लागते. (सोडल्यानंतर चार-दोन दिवसांत अंगावरून जातं, ती शेवटच्या पाकिटाची पाळी. ती धरायची नाही.) गर्भनिरोधक थांबवलेल्या सुमारे १५ हजार स्त्रियांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात दिवस गेलेल्यांचं प्रमाण सुमारे ८३ टक्के निघालं आणि साधन किती वर्षं वापरलं यावरून फारसा फरक दिसला नाही. तांबीत तर संप्रेरकच नसतं, त्यामुळे ती काढली की काम झालं. वेगळं आहे ते तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. त्याचा अंमल हळू उतरतो, शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस जायला नऊ-दहा महिने लागणं नवलाचं नाही, आणि हे ते घेण्याआधीच सांगायला हवं. पण तोही उशीरच, कायमचं नुकसान नव्हे.

गंमत अशी, की १९५० च्या दशकात जॉन रॉक या अमेरिकी डॉक्टरांनी मूल होत नसलेल्या ८० बायकांना अशाच प्रकारची दोन संप्रेरकं काही महिने दिली होती. बीजकोशांना विसावा मिळेल आणि मग ते जोमाने चालतील, अशी त्यांची आशा. औषध थांबवल्यावर १३ जणींना दिवस गेले. आजच्या कसोटीवर तो प्रयोग टिकणार नाही, पण पुढे गोळी घडवणाऱ्यांत रॉक होतेच. ज्या औषधावर आज वांझपणाचा आरोप आहे, त्याची सुरुवात काही अंशी वांझपणाच्याच उपचारातून झाली.

आमच्या घरात मात्र निकाल केव्हाच लागला होता. ‘इतकी वर्षं गोळ्या खाल्ल्यास, आता पोट कसं साथ देईल?’ असं चुलतसासूबाई म्हणाल्या. वाईट मनाने नाही, मला पाणी आणून देत म्हणाल्या. पलीकडे माझी धाकटी नणंद ऐकत बसली होती. तिने त्याच आठवड्यात आपल्या गोळ्या बंद केल्या. तिला तर एवढ्यात मूल नको आहे! छापील पानावर ‘गोळ्यांमुळे लय बिघडते’ असं वाचून अशा किती नणंदांनी काय केलं असेल, याचा विचार व्हावा.

आता ते दहावा ते अठरावा दिवस. अंडं फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींचा १२ ते १४ दिवसांचा असतो आणि तो फारसा हलत नाही. लांबतो तो त्याच्या आधीचा, अंडं पिकण्याचा काळ. २८ दिवसांच्या चक्रात अंडं चौदाव्या दिवसाच्या आसपास फुटतं. ४५ दिवसांचं चक्र असेल तर ते एकतिसाव्या दिवसाच्या आसपास जातं. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात, अंडं फुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास. म्हणजे ४५ दिवसांवाल्या बाईने आपल्या पुरवणीतला सल्ला अगदी निष्ठेने पाळला, तर जेव्हा खरोखर उपयोग होता तेव्हा नवरा-बायको दोघंही ‘या महिन्याचं झालं’ म्हणून दमून झोपलेली असणार.

मोबाइलवरच्या ॲपचंही तेच. मागच्या महिन्यांची सरासरी काढून ते पुढचा हिरवा दिवस दाखवतं. जिच्या मागच्या महिन्यांत एकसारखं काहीच नाही, तिची सरासरी काढून काय हाती लागणार? लघवीत बुडवायच्या पट्ट्या येतात, त्या एलएच वाढला की गडद होतात आणि त्यानंतर साधारण २४ ते ३६ तासांत अंडं फुटणं अपेक्षित असतं. पण पीसीओडी, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित करणारा बीजकोशांचा विकार, असलेल्या काही जणींचा एलएच मुळातच चढा असतो, पट्टी उगाच गडद होत राहते. माझी व्हायची. सकाळी उठल्याबरोबर तापमान घेतलं तर अंडं फुटल्यानंतर ते थोडं चढलेलं दिसतं. म्हणजे जे होऊन गेलं त्याची पावती मिळते, आगाऊ सूचना नाही. त्यातल्या त्यात भरवशाचा म्हणजे योनीतला स्राव. तो पातळ, पारदर्शक, दोन बोटांत ताणला तरी न तुटणारा झाला की दिवस जवळ आले. आणि कशाचाच अंदाज येत नसेल तर तारखा सोडून द्याव्यात आणि महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी जवळ यावं, असं मला नंतर भेटलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ते ऐकून आमच्या घरातला निम्मा ताण गेला. त्याआधी नवऱ्याच्या फोनवर आम्ही रिमाइंडर लावत होतो. एकदा तो मीटिंगमध्ये, भिंतीवरच्या पडद्यावर, सगळ्यांसमोर उमटला. त्यात नुसतं ‘आज’ एवढंच लिहिलेलं होतं म्हणून निभावलं.

माझी खरी तक्रार पुढेच आहे. पहिल्या डॉक्टरांनी मला ‘एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन’ असं लिहून दिलं. अंडं फुटलं की त्याच्या रिकाम्या पुटकुळीतून प्रोजेस्टेरॉन स्रवतं आणि साधारण आठवड्याने ते सर्वांत जास्त असतं. तेव्हा रक्त तपासलं की अंडं फुटलं का ते कळतं. म्हणजे तपासणी हवी पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी. २८ वजा ७, म्हणून २१. इतका साधा उगम आहे त्या आकड्याचा. माझी पाळी तेव्हा दीड-दीड महिन्याने येत होती, आणि ते माझ्या फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. तरी रक्त गेलं एकविसाव्या दिवशी. रिपोर्ट अर्थातच कमी आला आणि ‘तुमचं अंडं फुटतच नाही’ असं आम्हाला सांगण्यात आलं.

त्या रात्री आम्ही दोघं काही बोललो नाही. सकाळी कामाच्या सवयीने मी वजाबाकी करून पाहिली. पंचेचाळीसमधून सात गेले तर एकवीस उरत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तीच तपासणी उशिरा सुरू करून पाळी येईपर्यंत दर आठवड्याला करायला लावली. एका चक्रात प्रोजेस्टेरॉन व्यवस्थित चढलेलं दिसलं, दुसऱ्यात नाही. म्हणजे माझं अंडं उशिरा फुटतं आणि कधी कधी फुटत नाही. ‘फुटतच नाही’ या निदानावर मी जे रडून घेतलं, ते चुकीच्या दिवशी काढलेल्या रक्तावर. आता वही घेऊन बसणारी बाई वजाबाकी करू शकते; पण रिपोर्ट हातात घेऊन घरी जाणाऱ्या प्रत्येकीने ती करावी, ही अपेक्षा बरोबर आहे का?

वर्षभर थांबण्याच्या सल्ल्यातही असाच एक गाळलेला भाग आहे. वर्षाचा नियम ३५ च्या आतल्या आणि पाळी नियमित असलेल्या स्त्रियांसाठी आहे. ३५ नंतर सहा महिने. आणि पाळी फार लांबत असेल किंवा येतच नसेल, तर थांबायचंच नाही, तेव्हाच तपासून घ्यायचं. प्रश्न विचारणाऱ्या भगिनीने स्वतःचं वय ३६ लिहिलं होतं. दोन्ही कारणांनी तिला वर्षभर थांबा म्हणणं चूक होतं, आणि त्या वयात वर्ष ही लहान गोष्ट नाही.

गोळ्या सोडून तीन महिने पाळी आली नाही तर आधी घरीच किटवर तपासून बघावं. हसू नका, दिवस गेले आहेत हे लक्षात न येता ‘पाळी आणायच्या गोळ्या’ घेऊन मोकळ्या झालेल्या बायका आहेत. त्या गोळ्यांनी रक्तस्राव झाला तरी अंडं फुटलं असा त्याचा अर्थ होत नाही, हेही लिहायला हवं. किट नकारात्मक असेल तर थायरॉइडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन, एफएसएच, पुरुषी संप्रेरकं आणि सोनोग्राफी. पीसीओडी म्हणायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकं जास्त असल्याची खूण, म्हणजे केस, मुरुमं किंवा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत भरपूर बारीक पुटकुळ्या. शिवाय थायरॉइडसारखी इतर कारणं वगळावी लागतात. नुसत्या सोनोग्राफीवर शिक्का मारून पाठवलेल्या मैत्रिणी मला माहीत आहेत. उलट, गोळ्या चालू असताना पुरुषी संप्रेरकांची तपासणी केली तर ती फसवी चांगली येते. त्यासाठी गोळ्या बंद होऊन तीन महिने जायला हवेत. माझ्या हनुवटीने जे कॉलेजात सांगितलं होतं, ते कागदावर यायला इतकी वर्षं लागली, ती यामुळेच.

आणि वीर्यतपासणी. बायकोची पाळी अनियमित आहे म्हटल्यावर नवऱ्याकडे कुणी बघतच नाही. ती सगळ्यांत सोपी तपासणी, सुई नाही, उपास नाही, तरी सगळ्यांत शेवटी होते. दोष असला तर तो सुधारतो का ते बघायलाही वेळ द्यावा लागतो, कारण शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात. माझ्या नवऱ्याने ती न सांगता करून घेतली. ऑफिसातल्या दोघांना सांगितल्यावर त्यातला एकजण म्हणाला, ‘तुला कशाला, प्रॉब्लेम तर वहिनींना आहे ना?’

मला सध्या लेट्रोझोल चालू आहे, पाळीच्या सुरुवातीचे पाच दिवस. हे मूळचं स्तनाच्या कर्करोगावरचं औषध, त्यामुळे माहितीपत्रक वाचून आईची झोप उडाली होती. पण पीसीओडीत अंडं फुटण्यासाठी आज पहिली पसंती त्यालाच आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या तुलनेत लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के जणींना मूल झालं, जुन्या क्लोमिफिनवर १९.१ टक्के जणींना. मला अजून दिवस गेलेले नाहीत. हे सांगते कारण अशा पत्रांच्या शेवटी नेहमी गोड बातमी असते.

दोन गोष्टी राहिल्या. फॉलिक ॲसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम, गोळ्या सोडायचं ठरवल्यापासूनच सुरू करायला हवं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतो, ती गर्भधारणेपासून २८ दिवसांच्या आत मिटते. नियमित पाळीवालीला तोवर निदान शंका तरी येते. आमच्यासारख्यांना पाळी लांबणं हे रोजचंच, त्यामुळे कळेपर्यंत ते सगळं होऊन गेलेलं असतं. मधुमेह, फिट्सची औषधं किंवा आधीच्या बाळात असा दोष असेल तर डोस जास्त लागतो, तो डॉक्टरांनी ठरवायचा.

दुसरी, आठवड्यांची मोजणी. शेवटच्या पाळीपासून गर्भाचे आठवडे मोजतात, त्यातही २८ दिवसांचं चक्र गृहीत असतं. माझ्या जाऊबाईंना ‘आठव्या आठवड्यात’ ठोके दिसत नाहीत म्हणून सोनोग्राफीच्या टेबलावरच वाईट बातमी ऐकवली होती. त्यांची पाळी किती दिवसांनी येते हे कुणी विचारलं नाही. गर्भ मुळात दोन आठवडे लहान होता. पुढच्या सोनोग्राफीत ठोके लागले, ती मुलगी आता शाळेत जाते. प्रत्येक वेळी असं होत नाही, हे मलाही कळतं. पण चक्र लांब असेल तर शंकेच्या वेळी सोनोग्राफी पुन्हा करायची असते. मात्र पोटात एका बाजूला जोराचं दुखणं, चक्कर, रक्तस्राव असं असेल तर थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत असू शकतो.

आपल्याला विनंती इतकीच, की यापुढे पुरवणीत असा सल्ला छापताना ‘पाळी २१ ते ३५ दिवसांत नियमित येत असल्यास’ एवढे शब्द आधी टाकावेत, आणि ज्यांची येत नाही त्यांच्यासाठी वेगळं उत्तर डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. त्या भगिनीचा पत्ता आपल्याकडे असेल तर तिला लगेच कळवावं, पुढच्या अंकाची वाट पाहू नये.

पत्र लांबलं आहे आणि आपल्याला कात्री लावावी लागेल. माझी कहाणी, चुलतसासूबाई, तो रिमाइंडर, काहीही कापा. प्रोजेस्टेरॉनची तारीख, ३५ नंतरचे सहा महिने आणि फॉलिक ॲसिड एवढ्या ओळी ठेवा.

आपली,
एक वाचक
(नाव आणि पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये. घरी सगळ्यांना माहीत आहे, ऑफिसात नाही.)